निकाल लागल्यानंतरचा खेळ

खेळ ही तत्त्वचिंतनाची जागा नव्हे, असा आपल्याकडील विद्वानांचा एक जुना समज आहे. वस्तुतः आपल्या वाङ्‌मयातील नीतीचा सर्वांत बिकट प्रश्न द्यूताच्या पटावरच उद्भवला आहे. धर्मराजाने प्रथम स्वतःस पणाला लावून गमावले आणि मग द्रौपदीस पणाला लावले. जो आधीच हरला त्याच्याजवळ पुढचा डाव मांडण्याचा अधिकार उरतो काय, असा तिने भर सभेत प्रश्न केला आणि भीष्मांसारख्या धर्मज्ञासही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. हा प्रश्न सामान्यतः स्त्रीच्या स्वत्वाच्या अंगाने चर्चिला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न आहे, तो असा: निकाल लागून गेल्यावर जे खेळले जाते, त्याला काय म्हणावे? मला त्याची आठवण झाली ती महाभारत वाचताना नव्हे, तर स्नूकर नावाच्या एका खेळाचा इतिहास चाळताना. तेव्हा त्या इतिहासापासूनच आरंभ करतो.

हा खेळ पूर्णपणे विलायती आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याचा जन्म 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात. जबलपूर म्हणजे एके काळचा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताचा भाग. डेव्हनशायर पलटणीतील नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत बिलियर्ड्‌सच्या टेबलावर निरनिराळ्या रंगांचे चेंडू मांडून हा नवा प्रकार काढला. लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्यास तेव्हा थट्टेने ‘स्नूकर’ म्हणत. तेच नाव खेळाला चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम ठरले आणि मग तो समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. आपल्या देशात जन्मून विलायतेत नावारूपास आलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. त्यांतील ही एक.

इंग्लंडात बराच काळ त्यास प्रतिष्ठा नव्हती. बिलियर्ड्‌स हा सभ्य गृहस्थांचा खेळ, स्नूकर हा त्याचा उनाड धाकटा भाऊ, अशीच समजूत होती. 1927 साली जो डेव्हिस या खेळाडूच्या खटपटीने धंदेवाईक स्नूकरपटूंची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. अंतिम सामना मे महिन्यात बर्मिंगहॅम येथील कॅमकिन्स हॉलमध्ये झाला. प्रतिस्पर्धी होता नॉटिंगहॅमचा टॉम डेनिस. एकंदर 31 डावांचा सामना. अर्थात जो आधी 16 डाव जिंकेल तो विजयी. डेव्हिसने 16 विरुद्ध 7 असा सामना जिंकला, आणि त्याच्या वाट्यास बक्षिसाचे म्हणून आले 6 पौंड 10 शिलिंग. तेव्हापासून 1946 पर्यंत, युद्धाची वर्षे वगळता, ही स्पर्धा जितक्या वेळा भरली तितक्या वेळा, म्हणजे पंधरा वेळा, त्यानेच जिंकली आणि अपराजित राहूनच तो तिच्यातून निवृत्त झाला. बिचाऱ्या डेनिसने त्याच्याशी चार वेळा अंतिम सामना खेळला आणि चारही वेळा तो हरला.

पण नोंदवह्या उघडल्या तर 1927 च्या सामन्याचा निकाल 16–7 असा आढळत नाही. तो 20–11 असा आढळतो. विजय निश्चित झाल्यावरही ते दोघे थांबले नाहीत. उरलेले आठ डाव ते खेळले, आणि त्या आठांपैकी चार डेव्हिसने जिंकले, चार डेनिसने.

ही त्या काळची रीतच होती. सामना अमुक दिवस चालणार असे जाहीर केलेले असे, त्या दिवसांची तिकिटे विकलेली असत, आणि निकाल लवकर लागला म्हणून प्रेक्षकांस घरी पाठविणे हा व्यवहार होत नसे. म्हणून निकालानंतरचे डावही पुष्कळदा खेळले जात. इंग्रजी बोलीत त्यांस ‘डेड फ्रेम’, म्हणजे मृत डाव, असे नाव पडले. 1946 साली लंडनमध्ये डेव्हिस आणि होरेस लिंड्रम यांचा 145 डावांचा प्रचंड सामना झाला. तो 78–67 असा संपला. बेरीज केली तर पूर्ण 145 भरते, आणि विजयास तर 73 च पुरेसे होते. याहून चमत्कारिक उदाहरण 1952 सालचे. त्या वर्षी नियामक मंडळाशी वाद होऊन बहुतेक खेळाडूंनी आपली वेगळी स्पर्धा मांडली, आणि अधिकृत अजिंक्यपदासाठी मँचेस्टरात दोघेच उरले: ऑस्ट्रेलियाचा लिंड्रम आणि न्यूझीलंडचा क्लार्क मकॉनकी. लिंड्रमने 94–49 असा विजय मिळविला. 143 डावांच्या सामन्यात 72 डावांनी काम भागते. म्हणजे किमान बावीस डाव तरी निकालानंतर खेळले गेले. ज्या अजिंक्यपदालाच जाणकार पुरते मानावयास तयार नव्हते, त्याचाही निकाल लागून गेलेला, आणि तरी दोन प्रौढ गृहस्थ आलटून पालटून टेबलावर वाकून नेम धरीत आहेत! या दृश्यास हास्यास्पद म्हणावे की आदरणीय, हा या लेखाचा विषय आहे.

आपली भाषा या बाबतीत निष्ठुर आहे. ‘बैल गेला आणि झोपा केला’, ‘वरातीमागून घोडे’ या म्हणी वेळ टळल्यावरच्या उद्योगाची टरच उडवितात. वर्तमानपत्रेही असा सामना ‘केवळ औपचारिकता’ म्हणून निकालात काढतात. या म्हणींत शहाणपण नाही असे नाही. बैल जाऊ नये म्हणून झोपा बांधावयाचा असतो. बैल गेल्यावर त्या झोपड्याचे प्रयोजनच नाहीसे होते. साधन साध्यासाठी असते, साध्य संपले की साधन निरर्थक, हा सरळ हिशोब आहे. प्रश्न इतकाच की, मनुष्याची सगळी कृत्ये झोप्याच्या जातीची असतात काय?

कोणी म्हणेल, एवढे खोल जावयाचे कारणच काय? ते दोघे पैशासाठी खेळत होते, प्रेक्षकांनी दाम मोजले होते, त्यांस माल पोचविणे भाग होते; यात उदात्त ते काय? हा आक्षेप मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. उलट तो मान्य करूनच पुढे जावे असे वाटते. ‘धंदेवाईक’ हा शब्द आपण मराठीत थोडा नाक मुरडूनच उच्चारतो. हौशी खेळाडू तो खरा, पैसा घेणारा तो भाडोत्री, ही समजूत आपण इंग्रजांकडून घेतली आणि आपल्या जुन्या ब्राह्मणी संस्कारांनी ती आणखी दृढ केली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्‌सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि 1964 साली ते पुन्हा मिळविले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याविषयी आपल्याला अभिमान वाटावा हे योग्यच; पण हौशी होते म्हणून अधिक, असे मात्र नव्हे. कारण मृत डावांची रीत हौशी मंडळींनी काढली नाही. ती तिकीटविक्रीतून निघाली. एखादी चांगली सवय बाजारात जन्मली म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. वाण्याने माप पूर्ण भरावे हा नियम कदाचित गिऱ्हाइकाच्या भीतीने निघाला असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण माप भरणाऱ्या हातास पुढे अपुरे माप भरणे जमत नाही. तेथे भीती संपून दुसरे काही सुरू झालेले असते.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. खेळ म्हणजे जिंकण्याचा प्रयत्न. जेथे जिंकणे शक्य नाही, किंवा जिंकून झालेले आहे, तेथे प्रयत्न हे सोंग होय. आणि पैसे घेऊन सोंग दाखविणे ही प्रेक्षकांची फसवणूक होय. हा आक्षेप खरा ठरला तर मृत डावांची सारी इमारत ढासळते. पण त्यात एक शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. सामना जिंकणे अशक्य झाले, हे खरे. डाव जिंकणे अशक्य झाले, हे खरे नाही. चोविसावा डाव सुरू होतो तेव्हा पंधरा तांबडे आणि सहा रंगीत चेंडू पूर्वीसारखेच मांडलेले असतात; काळ्या चेंडूचे मोल सातच असते; आणि टेबल पूर्वीइतकेच निःपक्षपाती असते. एकंदर बेरजेचा निकाल लागला म्हणून तिच्यातील प्रत्येक आकड्याचा निकाल लागत नाही. ज्यास केवळ बेरीज दिसते त्यास डाव मेलेला दिसतो. मग ‘मृत’ हे विशेषण डावाचे की पाहणाऱ्याचे?

त्या 4–4 कडे म्हणूनच मी पुनःपुन्हा वळतो. सामना जिवंत होता तोवर डेनिस तेवीस डावांत सातच जिंकू शकला. तो संपल्यावर आठांत चार. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. डेव्हिस सैल पडला असेल. त्याचे मन विजयाकडून विश्रांतीकडे गेले असेल. किंवा डेनिस मोकळा झाला असेल. पराभवाची भीती पराभवाबरोबरच संपली आणि हात स्थिर झाला. पहिला अर्थ घेतला तर निकालानंतर मनुष्य कमी खेळतो असे होते, दुसरा घेतला तर अधिक. आठ डावांवरून सिद्धांत मांडणे हा अतिरेक होईल हे मी जाणतो. तरी परीक्षेचा निकाल लागल्यानंतरच ज्यांची बुद्धी मोकळी झाली असे विद्यार्थी तीस वर्षांच्या अध्यापनात मी इतके पाहिले आहेत की, माझा कल दुसऱ्या अर्थाकडे झुकतो.

येथे वाचकांच्या मनात निष्काम कर्माचा विचार आल्यावाचून राहणार नाही. 1915 साली लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाल्यापासून मराठी सुशिक्षित मनुष्य कर्मयोगाची भाषा सहज बोलतो. पण त्या भाषेचा एक सवंग अर्थही आपल्यात रूढ झाला आहे: फळाची आशा नाही, म्हणजे कसेही केले तरी चालेल. हा कर्मयोग नव्हे. हे कर्मयोगाच्या नावावर काढलेले आळसाचे कर्ज होय. मृत डाव खेळणारा खेळाडू निरिच्छ असतो काय? मुळीच नाही. समोरचा चेंडू त्या पॉकेटात जावा ही इच्छा त्यास पूर्वीइतकीच तीव्र हवी, नाहीतर चेंडू जाणार नाही. नेमाला लक्ष्य लागते. त्याने सोडलेले असते ते दूरचे फळ: करंडक, नाव, पुढच्या वर्षीचे आमंत्रण. जवळचे लक्ष्य घट्ट धरावयाचे आणि दूरचे फळ सोडावयाचे, हा भेद पुस्तकात वाचून समजत नाही इतका स्नूकरच्या टेबलाशी समजतो, असे मी म्हटले तर शास्त्रीपंडितांनी रागावू नये.

मात्र या ठिकाणी बाजीप्रभूंचे उदाहरण देण्याचा मोह आवरला पाहिजे. 1660 साली त्यांनी खिंड लढविली ती निकालानंतर नव्हे. महाराज विशाळगडी पोचेपर्यंत ती लढाई पूर्णपणे सहेतुक होती. मरण निश्चित असणे निराळे आणि कार्य संपलेले असणे निराळे. आपण भावनेच्या भरात या दोहोंची गल्लत करतो आणि मग प्रत्येक पराभवास पावनखिंड म्हणू लागतो.

नेमके उदाहरण हवे तर ते आपल्याच पुण्यात आहे. 1948 च्या डिसेंबरात पुणे क्लबच्या मैदानावर रणजी करंडकासाठी महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना झाला. काठेवाडचा पहिला डाव 238 धावांत संपला. मग महाराष्ट्राने 4 गडी बाद 826 धावा केल्या, आणि त्यांत भाऊसाहेब निंबाळकरांच्या एकट्याच्या नाबाद 443. ब्रॅडमन यांनी 1930 साली केलेला 452 धावांचा जागतिक उच्चांक केवळ नऊ धावांवर राहिला होता. अशा वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्याचे नाकारले आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या त्या नऊ धावा कायमच्या राहून गेल्या.

आपण महाराष्ट्रीय मंडळी ही कथा ठाकोरसाहेबांच्या नावाने बोटे मोडीत सांगतो. मी त्यांची बाजू एकदा तरी नीट मांडू इच्छितो. सामन्याचा निकाल व्यवहारतः लागला होता. अकरा माणसे दिवसचे दिवस उन्हात चेंडूमागे धावत होती. दुसऱ्याच्या विक्रमास पार्श्वभूमी म्हणून उभे राहणे हे पराभूताचे कर्तव्य आहे, असे कोणत्या धर्मशास्त्रात सांगितले आहे? हरलेल्या मनुष्यासही थोडी लाज झाकण्याचा हक्क असतो. जो विजयी आहे त्याने निकालानंतरही खेळत राहावे यात त्याचे काही जात नाही. झळ लागते ती दुसऱ्यास. मृत डावांची स्तुती करणाऱ्याने या गोष्टीचे उत्तर दिलेच पाहिजे.

माझे उत्तर असे आहे. निंबाळकर 443 वर होते, तेव्हा सामन्याचा प्रश्न सुटला होता. पण निंबाळकरांस बाद करण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. पुढचा एक चेंडू त्यांची यष्टी उडवू शकत होता. गोलंदाजाचे काम जिवंत होते. ठाकोरसाहेबांनी निंबाळकरांच्या नऊ धावा घेतल्या हे सर्वांस दिसते. त्यांनी आपल्याच गोलंदाजांचा तो एक चेंडू घेतला, हे कोणी बोलत नाही. आणि माझ्या मते चूक झाली ती तेथे.

तर मग शरण जाणे नेहमीच वाईट काय? स्नूकरमध्येच त्याचे उत्तर आहे. डावाच्या अखेरीस टेबलावर सहा रंगीत चेंडू उरले की त्यांचे एकंदर गुण सत्तावीस होतात. मी तीस गुणांनी मागे असेन, तर सर्व चेंडू घेऊनही मी जिंकू शकत नाही; प्रतिस्पर्ध्याकडून चूक करविण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी पुढे होऊन हस्तांदोलन करणे आणि डाव सोडणे ही त्या खेळातील सभ्यता समजली जाते, आणि ते बरोबर आहे. उलट आपल्याच हाताने काही साधण्याजोगे असताना उठून जाणे असभ्य ठरते. 2006 च्या डिसेंबरात यॉर्क येथे रॉनी ओसलिव्हन हा विलक्षण गुणी खेळाडू स्टीफन हेंड्रीशी खेळताना 4–1 असा मागे पडला, आणि नऊ डाव जिंकावयाच्या त्या सामन्यातील सहावा डाव चालू असताना हात मिळवून चालता झाला. त्यास पुढे 20,800 पौंड दंड झाला. त्याचा सामना मृत नव्हताच. त्याने तो स्वतःच्या मनात आधी मारला. याच्या शेजारी 1985 चा अंतिम सामना ठेवावा. डेनिस टेलर पहिले आठही डाव हरला होता; तो 18–17 असा जिंकला, तोही अखेरच्या डावातील अखेरच्या काळ्या चेंडूवर. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती सुखान्त आहे. आशा शिल्लक असताना झुंजणे मोठे खरे, पण ते समजावयास सोपे आहे. अवघड ते पुढचे.

मी मुकुंदवाडीस राहतो. जालना रस्ता, लोहमार्ग आणि चिकलठाण्याचे कारखाने यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. येथे बिलियर्ड्‌सच्या टेबलाशी कोणाचा फारसा संबंध येत नाही. पण निकाल लागल्यानंतरचे खेळ मात्र घरोघर चालू असतात. माझा एक जुना विद्यार्थी स्पर्धा परीक्षांच्या मागे नऊ वर्षे होता. वयोमर्यादा उलटली आणि ते दार बंद झाले. तरी तो संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन आधुनिक भारताचा इतिहास वाचीत बसतो. एकदा त्याने मला विचारले, “सर, आता हे वाचून मला काय मिळणार?” मी म्हणालो, “परीक्षेपुरते काहीच नाही.” त्यावर तो हसला आणि म्हणाला, “पण सर, समजायला आत्ताच लागलंय.” त्याचे वडील मात्र चिंतेत आहेत, आणि त्यांची चिंता खोटी नाही. घरात कमावणारे दुसरे कोणी नसताना मृत डाव खेळत बसणे ही चैन होऊ शकते. दिवसा एका दुकानात हिशोब लिहून मग तो अभ्यासिकेत येतो, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलू शकतो. एरवी बोललो नसतो.

आमच्याच गल्लीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नीच्या आजाराविषयी डॉक्टरांनी जे सांगावयाचे ते दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकले. बाई आता माणसे ओळखीत नाहीत. हे गृहस्थ रोज सकाळी त्यांची वेणी घालतात. वेणी नीट आली नाही तर सोडून पुन्हा घालतात. शेजारचे लोक हळहळतात आणि आपापसांत म्हणतात, “आता त्यांना काय कळतंय?” बाईंना कळत नाही, हे खरेच आहे. बऱ्या होण्याचा सामना संपला, ओळखीचाही संपला. पण वेणी सरळ येणे किंवा वाकडी येणे हे अजून शिल्लक आहे, आणि त्या गृहस्थांच्या हातात तेवढेच आहे. खेळाची उपमा येथे मी फार ताणीत नाही. माणसाच्या दुःखावर उपमा फार वेळ टिकत नाही. इतकेच नमूद करतो की, ती दुसऱ्यांदा घातलेली वेणी मला कोणत्याही ‘केवळ’ने बाजूला सारता आलेली नाही.

स्नूकरमधून मृत डावांची रीत आता गेली. 1977 पासून अजिंक्यपदाची स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात भरते आणि निकाल लागताच सामना थांबतो. 1989 साली स्टीव्ह डेव्हिसने जॉन पॅरटवर 18–3 असा विजय मिळविला, तेव्हा पस्तिसांपैकी चौदा डाव न खेळताच राहिले. आपल्याकडे भारतीय खुली स्पर्धा आली तेव्हाही तेच झाले. 2013 साली दिल्लीत मुंबईचा आदित्य मेहता अंतिम सामन्यापर्यंत पोचला; क्रमवारीच्या धंदेवाईक स्पर्धेत येथवर पोचणारा तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईने त्यास 5–0 असे हरविले. 2015 साली मुंबईत वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला हरविले तेही 5–0 असेच. दोन्ही सामने नऊ डावांचे होते. जुन्या रीतीप्रमाणे आणखी चार डाव झाले असते. मेहतास त्या चारांतून अजिंक्यपद मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण अंतिम सामन्यातील आपला पहिला डाव जिंकण्याची संधी त्यास चार वेळा मिळाली असती, आणि डेनिसप्रमाणे त्यातले दोन तरी त्याने घेतले असते असे मला वाटते.